गिटार बेसूर होईपर्यंत

अल्लीपूर,
ऑक्टोबरचा दुसरा आठवडा

प्रिय समीक्षा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू मनात म्हटलं असशील, झाली शेवटी बेसूर. हो, झाली. कशी झाली ते शेवटी सांगतो. आधीच सांगितलं तर तू मधलं काही वाचणार नाहीस, आणि मधलं सगळं मी मार्चपासून पोटात धरून बसलोय. तेव्हा पान उलटून शेवट बघू नको. तुझी सवय मला माहीत आहे.

तू मंगळूरला निघालीस तेव्हाचं सेवाग्रामच्या फलाटावरचं तुला आठवत असेलच, तरी लिहितो, कारण मला ते पुन्हा पुन्हा आठवायला आवडतं. माझी लाकडी गिटार तू खांद्याला लावलीस आणि तुझी काळी माझ्या हातात दिलीस. तुझ्या मामांनी जहाजावरच्या नोकरीत वापरून तुला दिलेली, कार्बन फायबरची, नावालाही लाकूड नसलेली. मी तणतणतच आलो होतो, कारण आदल्या दिवशी मी इतके फोन केले की तू मोबाईलच बंद करून टाकला होतास. तू मात्र आवाज न चढवता अट घातलीस. "ही बेसूर झाली की मले पत्र लिहिजो. तोवर फोन नाई, मेसेज नाई. मले ठरवू दे." काय ठरवायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. मी इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं याचं तुला काही नव्हतं. पण मी प्रत्येक गोष्ट दार आपटून सोडतो, आणि असल्या माणसाजवळ जन्म काढायचा का, हे तुला माझ्या आवाजापासून लांब बसून पाहायचं होतं. पत्रच का, हेही तू सांगितलंस. रागात माणूस मेसेज करतो, पत्र लिहायला बसत नाही.

मी लगेच हो म्हटलं. तुला वाटलं असेल, पोरगं सुधारलं. सुधारलं कसलं. आपल्याकडं उन्हाळ्यात गिटार सकाळी सुरात लावली तर दुपारपर्यंत उतरते आणि संध्याकाळी चढते. माझी लाकडी तर शेजारच्यांनी कुकर लावला तरी बिघडायची. म्हणजे फार तर आठवडाभर तोंड बंद ठेवायचं, मग ऐटीत पत्र टाकायचं, असा माझा बेत होता. गाडी हलली तेव्हा तू दारात उभी राहून हसत होतीस. मला वाटलं, निरोपाचं हसतेय. ते कशाचं हसू होतं, ते मला मे महिन्यात समजलं.

त्या लाकडी गिटारीचं पोट का फुगलं होतं, हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मे महिन्यात मी ती वरच्या टिनाच्या खोलीत टांगून ठेवली होती. माझ्या आईला, कौशल्याबाईंना, तिची दया आली. एवढ्या उन्हात लाकूड तडकून जाईल म्हणून तिनं ती खाली आणली आणि कूलरसमोर पाटावर ठेवली. बाबांना आमच्या पाईपांच्या दुकानातून जेवायला आल्यावर हवा मिळायची नाही, पण गिटारीला मिळायची. महिनाभर ती ओली हवा खाऊन वरची फळी अशी फुगली की घोडीचा, म्हणजे तारा जिथं बांधतात त्या पट्टीचा, मागचा काठ उचलला गेला आणि तारा दांडीपासून इतक्या वर गेल्या की बोटांची कातडी सोलून निघायची. मी भडकलो तर आई म्हणे, "तिलेबी गरम होत असन ना बापा." तिनं जे केलं ते मायेनं केलं होतं. तीच गिटार तू सोबत नेलीस, ती आजारी आहे हे माहीत असून.

तर तुझी काळी. ती मी मुद्दाम त्याच टिनाच्या खोलीत त्याच खिळ्याला टांगली. अट मोडली म्हणू नको, गिटार कुठं टांगायची ते अटीत नव्हतं. एप्रिल गेला. मे आला. खालच्या खोलीत कूलर घरघरत असताना मी वर जाऊन बघायचो, तर तारा पिळायच्या पितळी खुंट्यांना हात लावला की चटका बसायचा आणि गिटार मात्र जशीच्या तशी. भर दुपारी सगळ्या तारा मिळून केसभर उतरायच्या, पण एकमेकींना सोडायच्या नाहीत, आणि दिवे लागेपर्यंत परत जागेवर. दांडी वाकली नाही, पोट फुगलं नाही. मी रोज खिळ्यापुढं उभा राहून सगळ्या तारा एकदा छेडायचो आणि शिव्या देत खाली यायचो. आईला वाटायचं, मी वर देवाचं काही करतो.

मध्ये नोकरी लागली, ते तुला कळलं नसेल. वर्ध्यात प्रभाकररावांचं वाद्यांचं दुकान आहे ना, बाजाच्या पेट्या आणि तबले दुरुस्त करतात ते, तिथं. अल्लीपूरहून सकाळच्या एसटीनं जातो. तुझी गिटार मी पहिल्यांदा दुकानात नेली तेव्हा प्रभाकररावांनी तिच्या पाठीवर टिचकी मारली आणि विचारलं, ही बादली कुठून आणली. मी वाजवून दाखवली. ते म्हणाले, आवाज मोठा आहे, स्वच्छ आहे, पण स्टीलच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. लाकूड वाजत वाजत पिकतं, वीस वर्षांनी आणखी गोड होतं, ही जशी आज तशीच मरेपर्यंत. मला राग आला. तुझ्या वस्तूला कुणी बादली म्हटलेलं मला चालत नाही. पण मी स्वतःही महिनाभर तेच म्हणत होतो, म्हणून गिटार परत पिशवीत घातली.

जूनमध्ये हेमराजनं तिला पाडलं. हेमराज तोच, माझ्या वर्गातला, ज्याच्या गाडीला आरसे नाहीत. हिंगणघाटला एका हळदीत वाजवायचं होतं. मी मागं बसलो, गिटार पाठीला. वणा नदीच्या पुलाअलीकडच्या गतिरोधकावर त्यानं ब्रेक न मारता उडवली, पिशवीचा पट्टा तुटला आणि गिटार रस्त्यावर पडून घसरत गेली. मागून भुसा भरलेली ट्रॉली येत होती. त्या माणसानं वेळेवर थांबवली म्हणून बरं. मी उतरून हेमराजची कॉलर धरली होती, खरंच. मग म्हटलं, आधी बघू किती फुटली, तेवढं मोजून मारू. पिशवी उघडली. खालच्या कडेला बोटभर ओरखडा, बाकी काही नाही. तारा छेडल्या, सुरात. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी पुन्हा छेडल्या, तरी सुरात. हेमराज कॉलर सरळ करत म्हणे, "मंग मारून राह्यला का, का बसतं?" मी बसलो. मारायला कारणच उरलं नव्हतं. लाकडी असती तर तिची मान मोडली असती आणि त्याचीही.

तो ओरखडा मी बुजवलेला नाही. तू आलीस की बघ.

त्या हळदीत मला एक गोष्ट लक्षात आली, ती तुला आधीपासून माहीत असणार. मी नेहमीसारखा जोरात ठोकत होतो आणि ती किंचाळत होती. नवरीच्या मावशीनं कानावर हात ठेवला. लाकडीला मी मारायचो तेव्हा कुठं ती बोलायची. हिला तसलं काही लागत नाही. दुसऱ्या गाण्याला माझा हात दुखायला लागला होता म्हणून मी हळू वाजवलं, नुसतं बोटांनी, आणि मांडवाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. एवढ्या हळू वाजवलेलं तिथपर्यंत गेलं. तेव्हापासून मी तिला हळूच वाजवतो. दांडी बारीक आहे, तारा खाली आहेत, दांडीवरच्या अगदी वरच्या पडद्यांवरसुद्धा बोट दाबायला जोर लागत नाही. जी गाणी मला बोटं दुखतात म्हणून अर्धी सोडावी लागायची, ती आता पूर्ण होतात. एकच खोड आहे. पाठ इतकी गुळगुळीत की घामानं मांडीवरून सटकते. मांडीवर बाबांचा दुपट्टा घेऊन बसतो. आई म्हणते, वाजवायला बसला की जेवायला बसला तेच समजत नाही.

पावसाळ्यात टिनाला भोक पडलं आणि नेमकं तिच्या डोक्यावर. सकाळी बघतो तर आत पाणी. मी ती उलटी केली, पेल्यासारखी ओतली, पुसली आणि वाजवली. काय झालं असेल ते तू ओळखलंस. मी खिळ्याकडं बघून म्हटलं, अरे काहीतरी होऊ दे. त्या पाण्यानं गिटारीचं काही झालं नाही, पण तारा गंजल्या. आता अडचण उभी राहिली. तारा बदलल्या तर नवी तार ताणली जाते, उतरते, म्हणजे बेसूरच. मग मी पत्र लिहायला मोकळा होतो का? माझं मन लगेच हो म्हणालं. पण ते मन माझंच, म्हणून मी प्रभाकररावांना पंच केलं आणि सगळं सांगितलं, फलाटापासून. तुझं नाव नाही सांगितलं, त्यांनी ते स्वतःच घेतलं. वर्ध्यात काय लपतं. त्यांनी चष्मा पुसत निकाल दिला की तार बदलणं हे अंघोळीसारखं आहे, त्याला आजारपण म्हणत नाहीत. एकेक तार काढ, दुसऱ्या तारांना धरून नवी लाव, पत्र नाही. मी इतका चिडलो की दुपारचा डबा न खाता परत आणला. पण तारा एकेक करूनच बदलल्या.

ऑगस्टमध्ये कधीतरी मला तुझाच राग यायला लागला. तू मला अशी वस्तू देऊन गेलीस जिला माझी गरजच नाही. ऊन नको, सावली नको, पेटीत ठेवणं नको, कधी लावायला नको. प्रेम करणाऱ्या माणसाला काहीतरी करायला लागतं ना गं. कपाळावर हात ठेवून ताप बघावा, तसं काहीतरी. आणि स्वतः मात्र ती आजारी लाकडी घेऊन मंगळूरच्या ओल्या हवेत गेलीस, जिथं कपडे वाळत नाहीत म्हणे. तिथं खरं तर ही काळीच न्यायला हवी होती, मामांनी समुद्रावर वापरलेली. एवढी साधी गोष्ट फिजिओथेरपीत पहिली आलेल्या मुलीला कळू नये? मग दुकानात एका सतारीची घोडी घासता घासता मला वाटलं, कळली असेल. लाकडीला रोज बघावं लागतं. रोज बघताना मी आठवणार. हे मी माझ्या मनानं लावलेलं आहे, चूक असेल तर हसून सोडून दे. पण त्या दिवसापासून राग गेला आणि काळजी लागली. घोडीच्या मागच्या काठाखाली कागद सरकतो का बघ. सरकत असेल तर वाजवणं झालं की तारा थोड्या सैल करत जा, आणि भिंतीला टेकवून ठेवू नको, पेटीत ठेव. डिंक, क्लॅम्प, सगळं माझ्याकडं आहे. मी इथून चिकटवू शकत नाही, एवढंच.

आणखी एक सांगतो, पण मिरवतोय असं समजू नको. गणपतीच्या आधी एक बाई बाजाची पेटी घेऊन आल्या, सोबत त्यांचे यजमान. मी पेटी खोलल्यावर ते प्रभाकररावांना म्हणाले, कॉलेजातून पळालेल्या पोराच्या हातात देऊ नका. माझ्या हातात पेचकस होता. मी तो खाली ठेवला आणि दुकानातून बाहेर पडलो. चौकातल्या टपरीवर चहा घेतला, मग दुसरा घेतला, आणि परत येऊन त्याच पेटीचा भाता लावला. दार आपटलं नाही. दुकानाला दार नाही, शटर आहे, हे खरं. पण शटरही आपटलं नाही. पेटी द्यायची वेळ आली तेव्हा प्रभाकररावांनी यजमानांना वाजवून दाखवायला मलाच पुढं केलं.

आता शेवट. काल प्रभाकररावांच्या दुकानाला सुटी होती. सकाळी वर गेलो, तारा छेडल्या, आणि जे निघालं ते ऐकून मी गिटार खिळ्यावरून उतरवली. जाड तार लोंबत होती, बारीक तार कुठल्या कुठं चढली होती. खुंट्या कुणीतरी पिळल्या होत्या. मला आनंद व्हायला हवा होता, पत्र लिहायला मोकळा झालो होतो. पण मी घर डोक्यावर घेतलं, कारण एवढ्या महिन्यांची माझी इमानदारी कुणीतरी एका हातानं मोडली होती. बाबा त्यांच्या दुकानात निघून गेले. आई ओट्याजवळ तूर निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्या पिळल्या. आता बस अन् लिही त्या पोरीले." मी विचारलं, काऊन? तिनं ताट बाजूला ठेवलं. तीन दिवसांपूर्वी तुझे बाबा, नत्थूजी, आमच्या दुकानात पाईप घ्यायला आले होते. बोलता बोलता ते माझ्या बाबांना म्हणाले, समीक्षा दिवाळीत येते, तेव्हा यवतमाळचे लोक बघायला येणार आहेत. आईनं हे दोन दिवस माझ्यापासून लपवून ठेवलं. तिला ठाऊक होतं, कळलं की मी हेमराजची गाडी काढणार आणि तुमच्या अंगणात जाऊन ओरडणार, आणि मग तू जे काही ठरवलं असशील ते तिथंच फिसकटणार. तिनं तुझी अट ऐकलेली होती, नंतर मीच सांगितली होती. म्हणून तिनं आधी वर जाऊन खुंट्या पिळल्या आणि मग मला बातमी दिली. हेमराजला मी गाडी मागितली नाही, पण मोबाईलकडं बघितलं, ते तिनं पाहिलं. म्हणाली, "जाशीन तं भांडशीन. लिहिशीन तं थे वाचन." प्रभाकररावांना फोन केला, पंच म्हणून. ते म्हणाले, अट सुराची होती, कुणाच्या हाताची नव्हती. लिही.

म्हणून हे पत्र. तुमच्या घरी मी गेलो नाही आणि तुझं उत्तर आल्याशिवाय जाणार नाही. तू काय ठरवलंस ते मला सांग. नाही असेल तरी तसं लिही, मी ते बसूनच वाचीन. हो असेल तर यवतमाळच्या लोकांना यायच्या आधी तूच बाबांना सांग, किंवा म्हणशील तेव्हा मी माझ्या बाबांना घेऊन येतो, इस्त्रीचा शर्ट घालून, हळू आवाजात. आईनं निरोप दिलाय की येताना ती लाकडी घेऊन येजो, तिला बघायचंय तब्येत कशी आहे, आणि या वेळी कूलरसमोर ठेवणार नाही असं कबूल केलंय. तुझी काळी खाली आणलीय, ओट्याशेजारच्या खुंटीवर आहे. मनात आलं तर पाच मिनिटांत लावून टाकीन, पण मी हात लावलेला नाही. आई जाता येता तिच्या तारांना बोट लावते, ती भसाड्या आवाजात काहीतरी बोलते, आणि आम्ही दोघं हसतो. दिवाळीपर्यंत ती अशीच राहील. तू ये आणि तूच लाव.

सध्या तुझ्या गिटारीइतकाच बेसूर, तरी तुझाच,
निकेश